खाजन शेतीचा अभ्यास आणि खास सर्च इंजिनं : काही महिन्यांच्या वापरानंतर

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातल्या खाजन शेतीची, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतल्या शेतीची, माहिती मी बरेच महिने जमवतोय. बांधाची डागडुजी कोणी करायची, मानशीची (बांधातल्या पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेची, म्हणजे स्लुइस गेटची) दारं भरती-ओहोटीला कशी चालतात, खारं पाणी आत शिरलं तर भाताचं काय होतं, हे माझे प्रश्न. साध्या सर्चमध्ये रोमन लिपीत 'खाजन' टाकलं की ते 'खजाना' धरून दागिन्यांची दुकानं पुढे करतं. म्हणून खास सर्च इंजिनांकडे वळलो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला गुगल स्कॉलरचा. शब्द अवतरण चिन्हांत घालायचा आणि जोडीला 'स्लुइस गेट' किंवा 'गोवा' टाकायचं. खरी ताकद निकालाखालच्या 'साइटेड बाय'मध्ये आहे. एक जुना पेपर हाती लागला, की त्याचा आधार पुढे कोणी-कोणी घेतला ते तिथे दिसतं आणि आपण नव्या संशोधनापर्यंत पोचतो. पेपर विकतचा असेल तर 'ऑल व्हर्जन्स' उघडा, कितीदा तरी फुकट प्रत तिथेच असते.

'बेस' हे जर्मनीच्या बीलेफेल्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं सर्च इंजिन. ते विद्यापीठं आणि संस्थांच्या ऑनलाइन भांडारांतल्या नोंदी गोळा करतं, त्यामुळे दुकानदारी मध्ये येत नाही. मांडवी-जुवारीचा गाळ, क्षारता, खारफुटी यांसाठी मात्र मी दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या भांडारातच थेट शोधतो.

शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंध प्रकरणवार मिळतात. मी आधी संदर्भसूची उघडतो. कोणीतरी वर्षानुवर्षं खपून केलेली यादी आयती मिळते.

इंटरनेट आर्काइव्हवर पुस्तकाच्या नावात न शोधता 'टेक्स्ट कंटेंट्स' निवडा, म्हणजे आतल्या पानांतला मजकूर तपासला जातो. गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गोव्यातल्या गावसंस्थांवरची, म्हणजे कोमुनिदादींवरची, एकोणिसाव्या शतकातली पोर्तुगीज पुस्तकं हवी असतील तर स्पेलिंगमध्ये दोन 'एम' घाला. तेव्हा तसंच छापायचे, आणि एका 'एम'ने शोधलं तर ती पानं निसटतात.

मराठीच्या बाबतीत अजून उपेक्षाच आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. जुने मराठी अंक कितीतरी ठिकाणी नुसते फोटो म्हणून चढवलेले असतात, आतलं अक्षरही शोधता येत नाही. त्यासाठी पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय गाठावं, १८३२ पासूनची संस्था आहे. जाण्याआधी वरच्या साधनांतून लेखकाचं नाव आणि छपाईचं वर्ष काढून न्या, म्हणजे ग्रंथपालांना नेमकं काय हवं ते सांगता येतं.