‘सोमवारपर्यंत’ म्हणजे ‘बाय मंडे’ की ‘अन्टिल मंडे’?

ऑफिसच्या मेलमध्ये ‘सोमवारपर्यंत रिपोर्ट पाठवा’ असं सांगायचं असतं आणि बोटं ‘सेंड द रिपोर्ट अन्टिल मंडे’ टाइप करून मोकळी होतात. या इंग्रजी वाक्याचा अर्थ होतो, सोमवार येईपर्यंत रिपोर्ट पाठवतच राहा! मराठीत ‘पर्यंत’ दोन्ही कामं एकटाच करतो, म्हणून ही गल्लत होते. काम एकदाच व्हायचंय आणि सोमवार ही त्याची मुदत आहे, तर ‘बाय’. ‘सोमवारपर्यंत मी गावी आहे’ यातलं असणं मात्र चालू राहणारं आहे, तिथे ‘अन्टिल’.

शंका आली की मी वाक्यात ‘सतत’ घालून बघते. ‘सोमवारपर्यंत सतत वाट बघेन’ हे चालतं, म्हणजे ‘अन्टिल’. ‘सोमवारपर्यंत सतत फी भरा’ चालत नाही, म्हणजे ‘बाय’. पण ‘सोमवारपर्यंत फी भरू नका’ म्हटलं की न भरणं चालू राहतं, म्हणून ‘डोन्ट पे अन्टिल मंडे’.

आपल्याला सगळ्यात जास्त नडतो तो ‘नाही’. ‘पाऊस थांबत नाही तोपर्यंत बस’ हे अस्सल मराठी. त्यातला ‘नाही’ उचलून ‘अन्टिल द रेन डझन्ट स्टॉप’ लिहिलं की वाक्य बिघडतं. ‘अन्टिल द रेन स्टॉप्स’ एवढंच पुरे. (‘टिल’चा अर्थ तोच. ते ‘अन्टिल’चं छोटं रूप नाही, उलट त्याच्याहून जुना शब्द आहे. औपचारिक मेलमध्ये मात्र ‘अन्टिल’च बरं.)

‘इन’ आणि ‘विदिन’मध्ये उलटं होतं. मराठीत ‘दोन दिवसांत’ आणि ‘दोन दिवसांनी’ हा फरक स्वच्छ आहे, पण इंग्रजीत जाताना आपणच तो घालवतो. ‘आय विल पे इन टू डेज’ हे समोरचा बहुधा ‘दोन दिवसांनी देईन’ असं वाचतो. दोन दिवसांच्या आत द्यायचे असतील तर ‘विदिन टू डेज’ लिहा. कामाला किती वेळ लागला हे सांगताना मात्र ‘आय फिनिश्ड इट इन टू डेज’ अगदी बरोबर.

रजेच्या अर्जात मी ‘अन्टिल फ्रायडे’ टाळते, कारण शुक्रवार रजेत धरायचा की नाही हे त्यातून नक्की कळत नाही. अमेरिकेत ‘थ्रू फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार धरून. आपल्याकडे ‘आय विल बी बॅक ऑन मंडे’ असं सरळ लिहावं.