कर्वे रोडवरचं ‘युद्धग्रस्त भागातली मदत’ वर्कशॉप, ३.५ स्टार

फी जरा जास्तच वाटली पण रविवारच्या सेशनने पैसे वसूल झाले. शनिवार म्हणजे नुसत्या स्लाइड्स, ह्यूमन सिक्युरिटी (देशाच्या सीमांपेक्षा माणसांची सुरक्षितता) म्हणजे काय, त्यावरचा १९९४ चा यूएनडीपी (यूएनची विकास संस्था) रिपोर्ट, मग त्याच कामासाठी १९९९ ला जपानच्या पैशातून झालेला यूएनचा ट्रस्ट फंड वगैरे, हे घरी बसून वाचता येतं हो. रविवारी मात्र दापोडीच्या सीएमईत (लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज) शिकलेले एक रिटायर्ड कर्नल आले आणि श्रीलंकेवर बोलले, की तिथल्या यादवी युद्धानंतर उत्तरेत आधी जमिनीत पेरलेले सुरुंग काढल्याशिवाय लोकांना गावी परत पाठवताच येत नव्हतं, आणि नंतर भारताने ५०,००० घरांची योजना केली त्यात बहुतेक घरांचे पैसे कॉन्ट्रॅक्टरला नाही तर थेट घरमालकाच्या खात्यात, तेही बांधकाम पुढे सरकेल तसे हप्त्याने. म्हणजे आपल्याकडे घरकुलाचे मिळतात तसेच की! सुरुंग शोधायची सळई सरळ नाही, तिरकी घालायची, म्हणजे सुरुंग वरून दाबला जात नाही, हे त्यांनी थर्माकोलच्या तुकड्यावर करून दाखवलं, सगळा हॉल गप्प.

बाकी एसी बंद, चहा पाणचट. सर्टिफिकेट अजून आलेलं नाही, फोन केला की “पाठवतो मॅडम”. फक्त रविवारची एंट्री देत असतील तर नक्की जा.