आस्वानमध्ये अर्धा दिवस मोकळा आहे: नुबियन म्युझियम की नुबियन गाव?

इजिप्तच्या बहुतेक टूरमध्ये आस्वानचा कार्यक्रम ठरलेला असतो: नाईलवरचं हाय डॅम धरण, फिली मंदिर, पहाटे अबू सिंबेलची मंदिरं. त्यातून अर्धा दिवस सुटला की गाइड विचारतो, "नुबियन व्हिलेज करायचं का?" म्युझियमचं नाव क्वचितच निघतं. मला विचाराल तर आधी म्युझियम.

कारण साधं आहे. नुबिया म्हणजे आस्वानपासून दक्षिणेला सुदानपर्यंतचा नाईलकाठचा प्रदेश. त्याचा इजिप्तकडचा जवळजवळ सगळा भाग आता हाय डॅममुळे झालेल्या नासर जलाशयाखाली आहे. हाय डॅमचं काम १९६० मध्ये सुरू झालं आणि १९६३-६४ मध्ये सुमारे ५० हजार नुबियनांना उचलून आस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बोच्या बाजूला वसवलं. कोयनेच्या धरणग्रस्तांबद्दल ऐकून असलेल्या माणसाला पुढचं फार सांगावं लागत नाही. मूळ गावं पाहायची सोयच उरलेली नाही. तिथून जे उचलून आणता आलं त्यातलं बरंच या म्युझियममध्ये आहे.

१९९७ मध्ये उघडलेली ही इमारत महमूद अल-हकीम यांची. २००१ मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. आत शिरलात की समोर दुसऱ्या रामसेस या फेरोचा प्रचंड पुतळा उभा दिसतो. तो नुबियातल्या गर्फ हुसेनच्या मंदिरातला. त्या मंदिराचा डोंगरात कोरलेला भाग पाण्याखाली गेला. पुढे काळ्या दगडातलं तहारकाचं डोकं आहे. संपूर्ण इजिप्तवर राज्य केलेल्या कुशी, म्हणजे नुबियातल्या कुश राज्याच्या, राजांपैकी हा एक. रुंद नाक, जाड ओठ, चेहरा अजिबात 'इजिप्शियन' वळणाचा नाही. पण मला सगळ्यात जास्त थांबवलं ते बल्लाना या नुबियातल्या राजांच्या दफनस्थळाच्या घोड्याने. तिथल्या आणि शेजारच्या कुस्तुलच्या राजांबरोबर त्यांचे घोडेही पुरले जात, तेही पूर्ण साजासकट. तो चांदीचा साज इथे पूर्णाकृती घोड्यावर चढवून ठेवलाय, त्यामुळे कुठला पट्टा कुठून जातो तेही कळतं. बल्लानाची थडग्यांवरची टेकाडं आज पाण्याखाली आहेत.

म्युझियमची खोट शेवटच्या दालनांत आहे. लग्नघर, शाळा असे प्रसंग पुतळे मांडून दाखवलेत. मुलं तिथे रमतात, मोठी माणसं दोन मिनिटांत पुढे सरकतात. शिवाय पाणी चढण्याआधी मंदिरं कशी हलवली ते तपशीलवार आणि माणसं कशी हलवली ते उरकल्यासारखं, हे मला खटकलं.

मग गर्ब सुहेल. हेच ते टूरवालं 'नुबियन गाव', नाईलच्या पश्चिम काठावर. बोटीने जाताना काळ्या ग्रॅनाइटच्या खडकांमधून वाट काढत जायचं, आणि खरं सांगायचं तर तो प्रवासच गावापेक्षा सुंदर आहे. गावात निळी-पिवळी घरं, मेंदी, मसाल्यांची दुकानं, उंटाची रपेट आणि करकदे, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचा गार चहा. घरात पाळलेली मगर हातात घेऊन फोटोही काढतात. मी म्हणेन, मगरीला पैसे देऊ नका. लोक आतिथ्यशील आहेत, पण गर्दीच्या वेळी सगळा बाजारच होतो.

तिसरा पर्याय गाइड सहसा सुचवत नाही: एलिफंटाइन बेट. शहरासमोरच, साध्या फेरीबोटीने पाच-दहा मिनिटांत. सिऊ नावाच्या गावात ॲनिमॅलिया म्हणून एका स्थानिक कुटुंबाचं घरगुती म्युझियम आहे. नुबियातले प्राणी, वनस्पती, दगड आणि जुनी राहणी, सगळं घराच्या खोल्यांमध्ये. चकाचक काही नाही, पण समजावून सांगणारा माणूस त्याच मातीतला असतो.

आता निवड. इतिहासाची आवड असेल, बरोबर वयस्क मंडळी असतील किंवा मे-जूनचं ऊन असेल तर डोळे मिटून नुबियन म्युझियम. दोन-अडीच तास धरा. छोटी मुलं आणि फोटोंची हौस असेल तर गर्ब सुहेल, पण संध्याकाळी, आणि बोटीचं भाडं जाण्यायेण्याचं मिळून आधीच ठरवून. गर्दीचा कंटाळा असलेल्यांनी एलिफंटाइनला जावं. अख्खा दिवस असेल तर सकाळी म्युझियम आणि उन्हं कलल्यावर बेट, गर्ब सुहेल सोडून द्या. म्युझियमच्या वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या. तिकिटासाठी बँकेचं कार्ड जवळ असू द्या, आणि बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीसाठी सुटे पैसे.