मास्डेव्हॅलियाचा फ्लास्क: माल चोख, चिठ्ठी कुचकामी

मास्डेव्हॅलिया व्हाइचियाना या ऑर्किडच्या रोपांचा फ्लास्क, म्हणजे बंद काचेच्या बाटलीत वाढवलेली रोपं, थेट प्रयोगशाळेकडून मागवला. माल एक नंबर आहे, हे आधी सांगून टाकते. कोळसा घातलेला अगरचा, म्हणजे रोपं ज्यावर वाढतात त्या जेलीचा, काळा थर प्रवासात सरकला होता, रोपं आडवी झाली होती, ते चालायचंच. बुरशीचा ठिपकाही नव्हता. मुळं जाड, पांढरी, आणि काचेला चिकटलेली पानंसुद्धा टणक.

लेबलवर दोन्ही जनक झाडांचे नंबर आणि पेरणीची तारीख होती. माझ्या लेखी याला फार किंमत आहे. ही बियांपासूनची रोपं, म्हणजे भावंडं, एकाची नक्कल दुसरं नव्हे. व्हाइचियानाच्या केशरी फुलावर जांभळ्या लवेची जी झाक असते, ती प्रत्येक रोपात कमीजास्त येणार. फ्लास्क घ्यायची खरी मजा हीच. शिवाय पेरू देशातल्या डोंगरातून कोणी ओरबाडून आणलेलं झाड घरात येत नाही.

आता सोबत आलेली निगा राखायची चिठ्ठी. 'सावलीत ठेवा, नियमित पाणी द्या.' संपलं! मनीप्लांटलाही हेच सांगता येईल. हे झाड दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात दोन हजार मीटरच्या वर, धुक्यात वाढतं. त्याला रात्री १० ते १५ अंशांचा गारवा लागतो आणि दिवसा पारा २५च्या आत असलेला बरा. पानाखाली पाणी साठवणारा कंद नाही, त्यामुळे मुळांभोवतीचा मॉस (शेवाळ) वाळून चालत नाही आणि थबथबलेला तर अजिबात नाही. रात्रीच्या तापमानाचा एक आकडा छापायला काय जात होतं?

बाटलीतून रोपं काढायची रीतही त्यात नाही. कोमट पाण्यात अगर धुऊन काढायचा, अगदी मुळांच्या बेचक्यातला कणसुद्धा. ऑर्किडच्या बीजात साठवलेलं अन्न जवळपास नसतंच. जंगलात ते बुरशीकडून मिळतं. १९२२ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नुडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगरवर बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून हा फ्लास्कचा धंदा. तीच साखर बाहेरच्या हवेत कुजते आणि रोपाचं बूड नासवते. मग सगळी रोपं एकाच कुंडीत, लांब धाग्याच्या मॉसमध्ये, खेटून लावायची. बाटलीतल्या दमट हवेत पानांवर मेणाचा थर नीट धरलेला नसतो, म्हणून कुंडीवर झाकण ठेवायचं आणि ते एकदम काढायचं नाही, रोज थोडं थोडं सरकवायचं. पाणी पावसाचं किंवा आरओचं, खत नेहमीच्या पाव मात्रेत. माझ्या कुंडीत जुनी पानं पिवळी पडली तरी बुडातून नवी आली, आणि ती फ्लास्कमधल्यांपेक्षा आखूड पण जाड आहेत.

चिठ्ठीचा एक तारा कापला. रात्रीच्या गारव्याची सोय असेल तर खुशाल मागवा, नसेल तर इतकी चांगली रोपं वाया जातील. आणि लगेच फूल हवं असणाऱ्यांनी फ्लास्कच्या वाटेलाच जाऊ नये, त्याला काही वर्षं लागतात. त्यांनी सरळ फुलायच्या वयाचं झाड घ्यावं.