बंदुकीवर सेराकोट एच सिरीज: रंग झकास, पण तेल काढायचा कंटाळा केलात तर पैसे पाण्यात

अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या खाडीचं वारं असं आहे की बार्बेक्यूची जाळी रात्रभर बाहेर राहिली तर सकाळी लाल. थंडीच्या सीझनला ऑफिसातल्या दोघांबरोबर बदकांच्या शिकारीला जातो, मांडीएवढ्या खाऱ्या पाण्यात तासन्‌तास उभं राहायचं, आणि माझी पंप शॉटगन (पुढचा दस्ता मागेपुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक) पहिल्याच वर्षी नळीवर गंजाचे ठिपके घेऊन घरी आली. गंज मला काही नवा नाही म्हणा, सिंधुदुर्गात आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर होती, माकडं नि डुकरांसाठी, पावसाळाभर ते फडक्याला शिलाई मशीनचं तेल लावून ती पुसत बसायचे आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, परत मिळेपर्यंत नळी तपकिरी झालेली, मग दोन दिवस घरात कोणी त्यांच्या वाटेला जायचं नाही.

आता ही नेहमीची काळी-निळी ब्लूइंग असते ना, तो रंग नाहीच मुळात, लोखंडावर मुद्दाम आणलेला काळा ऑक्साइडचा थर आहे, आणि तो गंज थांबवतो म्हणण्यापेक्षा तेल धरून ठेवतो असं म्हणा. तेल उडालं की संपलं. पार्करायझिंग, म्हणजे फॉस्फेटचा खरबरीत करडा थर, जास्त तेल पितो एवढंच. मी आधी शहाणपणा करून स्प्रे कॅनमधला स्वस्तातला एपॉक्सी मारला (कंपनी जाऊ दे), आठवडाभर चिकट राहिला आणि सीझन संपायच्या आत स्लिंगच्या, म्हणजे खांद्याच्या पट्ट्याच्या कडीजवळ नखाने निघायला लागला.

मग सेराकोट. ओरेगनमधल्या एनआयसी इंडस्ट्रीजचा माल, सिरॅमिकचा अंश असलेला पातळ लेप. यात मुख्य दोन जाती आहेत आणि लोक इथेच गोंधळतात. सी सिरीज हवेत सुकते, हार्डनर (रंग घट्ट करणारं द्रव्य) मिसळायला नको, पण पूर्ण पक्की व्हायला ५ दिवस, आणि तिची खरी खासियत उष्णता, म्हणजे बंदुकीचा सायलेन्सर, गाडीचा एक्झॉस्ट वगैरे. एच सिरीज भट्टीत भाजावी लागते, २५० फॅरनहाइटला २ तास, म्हणजे साधारण १२० सेल्सिअस, आणि घासाघीस, ओरखडे, क्लीनिंगची केमिकल्स यांना तीच जास्त पुरते. दलदलीत बोटीवर आपटणाऱ्या बंदुकीला एच. मी एच-१४६ ग्राफाइट ब्लॅक घेतला, ४ औंसाची बाटली पन्नास डॉलरच्या आसपास, एका बंदुकीला पुरून उरते.

खरी मेहनत रंगात नाहीच. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून पूर्ण खोलायची, स्प्रिंगा, रबर, नेम धरायची साइट सगळं बाजूला, मग ॲसिटोनमध्ये बुडवायची, मग १०० ग्रिट ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कणांचा मारा, आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही, ग्लोव्हज घालूनच. सीरियल नंबरवर आधी टेप लावा, तो खोडला गेला तर अशी बंदूक जाणूनबुजून जवळ ठेवणं इथे फेडरल गुन्हा आहे, हे हसण्यावारी नेऊ नका. नळीचं आतलं तोंड, चेंबर (काडतूस बसतं ती जागा), चोकचे (नळीच्या टोकाला फिरवून बसवायच्या तुकड्याचे) आटे यांना सिलिकॉनचे बूच.

आणि आता माझी माती कुठे झाली ते सांगतो. रंग मारायच्या आधी तुकडे ३०० फॅरनहाइटला तासभर नुसते तापवायचे असतात, का, तर आट्यांत, पिनांच्या भोकांत लपलेलं तेल बाहेर यावं म्हणून. मी म्हटलं ॲसिटोनमध्ये अर्धा तास बुडवलंय, बास झालं. रंग मारला, काय सुंदर बसला होता, भट्टीत घातला, आणि काचेतून बघतोय तर मॅगझिन ट्यूब (काडतुसांची नळी) जिथे रिसीव्हरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मधल्या सांगाड्यात, आट्यांनी बसते तिथून एक तपकिरी ओघळ हळूहळू खाली येतोय! थंड झाल्यावर बोट फिरवलं तर पापडासारखा पोपडा निघाला. सगळं परत ब्लास्ट. दुसऱ्यांदा तीन वेळा तापवलं, तेल यायचं थांबलं तेव्हाच रंगाला हात लावला.

मिश्रण सिरिंजने मोजून, १८ भाग रंग १ भाग हार्डनर, गाळून, ०.८ मिलिमीटर नोझलची छोटी स्प्रे गन. मास्क म्हणजे कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर, कोविडवाला नाही. पातळ हात मारा, भिंत रंगवत नाही आहात, पूर्ण थरच १ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि तेवढ्यानेही सरकणारे भाग अडतात, माझे ॲक्शन बार (पंपाबरोबर सरकणाऱ्या पट्ट्या) आधी इतके घट्ट झाले की पंप ओढायला पैलवान लागला असता, ते परत घासून मोकळे केले. अशा जागी रंग मारूच नका.

भट्टीवरून बायकोशी भांडण झालं ते वेगळंच. घरचा ओव्हन वापरायचा नाही, त्यात परत कधी केक करता येत नाही, म्हणून ४० डॉलरला जुना ओव्हन आणला आणि मग लक्षात आलं की नळी २८ इंच, ओव्हन आतून २२! शेवटी नळी एका दुकानात दिली, ८० डॉलर. त्यातल्या त्यात बरं म्हणजे इथे कायद्याने बंदूक म्हणजे नंबरवाला रिसीव्हर, सुटी नळी देताना काही कागदपत्रं लागत नाहीत. पूर्ण बंदूक ठेवून घेणाऱ्या दुकानाकडे मात्र फेडरल लायसन आहे का ते विचारा. खरं सांगायचं तर दुकानाची फिनिश माझ्यापेक्षा एकसारखी आहे, उजेडात धरली की फरक दिसतो.

दोन सीझन झाले. बाहेरून एक ठिपका नाही, बोटीच्या कडेवर घासून दोन ठिकाणी चकाकी आलीये पण धातू दिसत नाही. गंज आला तो फक्त इजेक्शन पोर्टच्या (रिकामं काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीच्या) आतल्या कडेला, जिथे माझी टेप वाकडी लागली होती. नळीच्या आत तेल लावावंच लागतं, तिथे सेराकोट नसतोच. रंगाला ५ पैकी साडेचार, स्वतः करण्याच्या हौसेला अडीच, कारण कंप्रेसर आणि ब्लास्टिंग कॅबिनेट आधीपासून नसेल तर दुकानच स्वस्त पडतं.

एकदा मिसळलेला रंग ठेवता येत नाही, लगेच संपवावा लागतो, म्हणून उरलेला मी बोटीच्या ट्रेलरच्या कडीला मारला. ती मात्र नीट न घासता मारली होती, सहा महिन्यांत पोपडे.