वाळूजमधील पहिली नोकरी: मोठ्या कंपनीत की छोट्या युनिटमध्ये?

परभणी, हिंगोली, बीड किंवा जालन्याच्या तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलची पदविका घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींना छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतून बहुधा दोन प्रकारची बोलावणी येतात. एक असते नावाजलेल्या मोठ्या कंपनीतील वर्षभराच्या ॲप्रेंटिसशिपचे, आणि दुसरे असते त्याच कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या, तीस-चाळीस माणसांच्या एखाद्या युनिटमधील नोकरीचे. घरच्यांचा कौल मोठ्या नावाकडे असतो आणि त्यात गैर काही नाही, कारण सोयरिकीच्या बोलण्यातही ‘मुलगा कोणत्या कंपनीत आहे’ हाच प्रश्न आधी येतो. मात्र पुढच्या वीस वर्षांचा विचार करणाऱ्याने या जागा गेटवरच्या पाटीवरून न तोलता, तेथे आपले काम कोणाच्या नजरेस पडेल, स्वतःहून काही करून पाहण्यास किती वाव मिळेल आणि कामाचे स्वरूप पालटले तर आपल्याला किती लवकर पालटता येईल, यांवर तोलाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

आधी एक कायदेशीर बाब स्पष्ट असावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार ॲप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्याला विद्यावेतन मिळते, आणि करारात तशी अट नसेल तर मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेण्याचे बंधन कंपनीवर नसते. म्हणजे ही तुलना एका नोकरीची दुसऱ्या नोकरीशी नसून, एका वर्षाच्या शिक्षणाची नोकरीशी आहे. हे शिक्षण कमी मोलाचे नाही. ड्रॉइंग कसे वाचावे, मायक्रोमीटर आणि गेज कधी तपासून घ्यावे, नोंद न केलेले माप हे माप का धरले जात नाही, याची शिस्त चांगल्या मोठ्या कारखान्यात वर्षभरात अंगात मुरते, आणि ती नंतर कोठेही उपयोगी पडते.

खरा फरक पडतो तो माणसे जोडण्यात. वाळूजची घडण मोठा कारखाना आणि त्याचे पुरवठादार यांच्या नात्यातून झाली आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला आणि त्याच्या अवतीभवती प्रेस शॉप (दाब देऊन पत्र्याला आकार देणे), कास्टिंग, टर्निंग, प्लेटिंग, रबर अशी कामे करणारी युनिटे वाढत गेली. शेंद्र्यात २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना आला. अशा परिसरात छोट्या युनिटमधील मुलगा पहिल्या काही महिन्यांतच मालकाशी रोज बोलतो, टूल रूमच्या कारागिराकडे डाय (साचा) घेऊन जातो आणि रिजेक्शन आले, म्हणजे माल नापास होऊन परत आला, की स्वतः मोठ्या कंपनीच्या गेटवर जाऊन तेथील क्वालिटी इंजिनिअरसमोर उभा राहतो. नापास झालेला माल घेऊन जाणे कोणालाच आवडत नाही, पण त्या वेळी कारण न लपवता सांगणारा, सांगितलेल्या दिवशी दुरुस्त माल घेऊन येणारा मुलगा समोरच्याच्या लक्षात राहतो. पुढे त्या इंजिनिअरने कंपनी बदलली, की त्याला पहिली आठवण अशाच माणसाची होते. शिवाय मराठवाड्यातील लघुउद्योजकांच्या ‘मसिआ’ या संघटनेमुळे अनेक मालक एकमेकांना ओळखतात, त्यामुळे चांगल्या सेटरचे, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्या कारागिराचे, नाव चार युनिटांत आपोआप पोहोचते. हे वाईट नावालाही तितकेच लागू आहे.

मोठ्या कंपनीत माणसे कितीतरी अधिक असतात, परंतु ॲप्रेंटिसचा संबंध बहुधा लाइनवरील सुपरवायझर आणि शेजारच्या दोन-तीन स्टेशनांपुरता उरतो, आणि तो सुपरवायझर दरवर्षी नवी तुकडी पाहत असल्याने नावे विसरतो. तेथील खरी कमाई म्हणजे सोबतचे ॲप्रेंटिस. ते पुढे चाकण, रांजणगाव, शेंद्रा, बिडकीन असे पांगतात, आणि जागा निघाल्याची खबर जाहिरातीपेक्षा आधी त्यांच्याकडून मिळते. म्हणून मोठी कंपनी निवडणाऱ्याने निदान आपल्या तुकडीशी संबंध टिकवावेत आणि क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर या विभागांत स्वतःहून ओळखी करून घ्याव्यात. गाववाल्याची ओळख किंवा पुढाऱ्याची चिठ्ठी आपल्याकडे अजूनही गेटपर्यंत नेते, पण आत मशीनवर उभे राहिल्यावर ती कोणी विचारत नाही.

पुढाकाराच्या बाबतीत दोन्हीकडे वाव आहे, पण वेगळ्या रीतीचा. मोठ्या कंपनीत कायझेनचा, म्हणजे कामात छोटी सुधारणा सुचवण्याचा, फॉर्म असतो, त्यावर सह्या होतात, चाचणीचा लॉट निघतो आणि मगच बदल मान्य होतो. ही पद्धत संथ असली तरी आवश्यक आहे, कारण ब्रेकच्या एखाद्या भागात कोणी मनाने बदल केला तर त्याची किंमत रस्त्यावरच्या माणसाला मोजावी लागेल. छोट्या युनिटमध्ये फिक्स्चर (पार्ट घट्ट धरून ठेवणारी जोडणी) बदलून पाहण्याची कल्पना सकाळी सुचली, तर मालकाची परवानगी घेऊन ती संध्याकाळी पडताळता येते, आणि तिचा परिणाम मालकाला त्याच आठवड्यात दिसतो. तेथील धोका निराळा आहे: पुढे होऊन काम करणाऱ्या मुलावर डिस्पॅचची बिले, पंपाची दुरुस्ती आणि बँकेची फेरी असे सगळेच येऊन पडते, आणि वर्षाअखेर तो सर्वांच्या उपयोगाचा पण कशातच तरबेज नसलेला होतो. यावर एक उपाय मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. वही ठेवावी आणि तीत तारीख, पार्टचे नाव, आधीचे रिजेक्शन, केलेला बदल आणि नंतरचे रिजेक्शन एवढेच लिहावे. त्या वहीत दोन महिने काही लिहिण्यासारखे घडले नाही, तर आपल्या कामाची दिशा चुकते आहे हे मालकाशी बोलण्याची वेळ आली, असे समजावे.

बदलाला तोंड देण्याची तयारी आता ऐच्छिक राहिलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीची बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. विजेवरच्या दुचाकीला तर पिस्टन, सायलेन्सर, स्पार्क प्लग यांपैकी काहीच लागत नाही. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार राज्य सरकारशी केला तो याच जिल्ह्यासाठी. येणारे काम आजच्यासारखेच असेल, असे गृहीत धरता येत नाही. चांगल्या छोट्या युनिटमध्ये सीएनसी आणि व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशीने आणि प्रेस या तिन्हींवर हात बसतो, मात्र ते युनिट एकाच ग्राहकासाठी एकच पार्ट बनवत असेल तर हा लाभ उरत नाही, आणि तो पार्ट इंजिनाशी बांधलेला असेल तर नोकरीही डळमळीत आहे. कोणतीही जागा घेतली तरी शहरातील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत डिझाइनचा किंवा टूलिंगचा अभ्यासक्रम करण्याचा विचार जरूर करावा.

पैशाबद्दल थोडक्यात. विद्यावेतन बहुधा कमीच असते, पण छोट्या युनिटच्या पगारातही पीएफ आहे का, हे विचारावे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो. सुरक्षेबाबत मात्र तडजोड करू नये. प्रेसवर हात वाचवणारा गार्ड नसेल, किंवा दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक बांधून ठेवलेले दिसले, तर पगार कितीही असो, तेथून परत यावे. गावाकडून आलेल्या मुलींनी शिफ्टची वेळ, येण्या-जाण्याची सोय आणि तक्रार समिती यांची चौकशी आधी करावी. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे लैंगिक छळाविरोधातील अंतर्गत समिती कायद्याने बंधनकारक आहे. बसची आणि समितीची व्यवस्था मोठ्या कारखान्यांत बहुतेकदा अधिक भरवशाची असते, आणि मुलींच्या बाबतीत एवढ्या कारणावरूनही ॲप्रेंटिसशिप निवडणे मला योग्य वाटते.

बाकी ज्याच्या हाताला मोजमापाची सवय आहे, जो अनोळखी माणसाशी बोलायला कचरत नाही आणि ज्याची शहरात कोणाशी ओळख नाही, त्याने पहिली दोन-तीन वर्षे चांगल्या छोट्या युनिटमध्ये काढावीत, असे मी सुचवेन. वर्कशॉपचे तास नावालाच झालेल्या महाविद्यालयातून आलेल्याने आधी मोठ्या कंपनीची शिस्त घ्यावी. युनिट चांगले आहे की नाही, हे मुलाखतीत मालकाकडून कळत नाही. शिफ्ट सुटताना तेथील एखाद्या सेटरला बाजूला घेऊन तो येथे कधी आला, कोणत्या मशीनवर सुरुवात केली आणि आज कोणत्या मशीनवर आहे, हे विचारावे. सहा वर्षांनंतरही तो त्याच प्रेसवर तोच पार्ट काढत असेल, तर ॲप्रेंटिसशिपचा करार सही करून द्यावा.