हळदीतलं कर्क्युमिन: एचपीटीएलसी की एचपीएलसी?
सांगली आणि वायगावच्या हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, तपासायचं आहे, यंत्र कोणतं निवडू, असं एम. फार्म.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे.

दोन्ही यंत्रं मिश्रणातले घटक वेगळे करून मोजतात: एचपीटीएलसी लेप दिलेल्या सपाट प्लेटवर, एचपीएलसी बारीक कण भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, द्रावक दाबाने ढकलून. वेळ आणि खर्च पाहिला तर एचपीटीएलसी सरस. एका प्लेटवर पंधरा नमुने सहज बसतात, द्रावकही थोडाच लागतो. एचपीएलसीत नमुने एकेक करून जातात आणि मिनिटाला साधारण १ मिली द्रावक वाहतच राहतो.

खरी अडचण नमुन्याच्या तयारीत येते. हळदीच्या अर्कात तेल, राळ असं बरंच काही उतरतं. प्लेट एकदाच वापरायची, त्यामुळे तिथे ते खपून जातं. एचपीएलसीचा कॉलम महाग असतो आणि तुंबतो, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळल्याशिवाय अर्क आत सोडूच नका. आणि पद्धत कोणतीही असो, अर्क उजेडापासून जपा, कर्क्युमिन प्रकाशात विघटित होतं.

अचूकतेत मात्र एचपीएलसीच. कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं, डीमेथॉक्सीकर्क्युमिन व बिसडीमेथॉक्सीकर्क्युमिन, ४२५ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीच्या प्रकाशात वेगवेगळी मोजता येतात. प्लेटवर हेच तीन पिवळे पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. परका रंग मिसळलेला असेल तर त्याचा वेगळा पट्टा उठून दिसू शकतो.

पुष्कळ नमुने चाळायचे, भेसळ हुडकायची असेल तर एचपीटीएलसी. नेमकी टक्केवारी किंवा साठवणीतली घट मांडायची असेल तर एचपीएलसी.